इंग्रजीतला 'फार' आणि आपला 'फार'
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षणाचे महत्त्व या व्यासपीठावरून आपण अनेकदा ऐकले आहे. म्हणून आज मी एका लहानशा गोष्टीवर बोलणार आहे. पुष्कळ वेळ, पुष्कळ अंतर आणि पुष्कळ प्रमाण इंग्रजीत कसे सांगावे, एवढाच माझा विषय आहे.

विषय व्याकरणाचा वाटेल, पण तो आपल्या घरापर्यंत येतो. दहावीचा निकाल लागतो, इंग्रजी राहते, आणि घरात कोणीतरी म्हणते, "जाऊ द्या, इंग्रजी आपल्या पोरांच्या नशिबातच नाही." मग मुलगा कामाला लागतो आणि मुलगी घरी बसते. माझे म्हणणे असे आहे की, पोरांच्या कित्येक चुका बुद्धीच्या नसतात. घरची उर्दू आणि बाजारातली मराठी जशीच्या तशी इंग्रजीत नेल्यामुळे त्या होतात. चुकीचे कारण कळले की चूक सुधारते.

पहिले उदाहरण काळाचे घेऊ. इंग्रजांच्या कागदांत आपल्या वाशीमचे नाव 'बासिम' असे आढळते. त्या काळी बासिम हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता. 1905 साली तो मोडला गेला आणि 1 जुलै 1998 रोजी पुन्हा वेगळा झाला. मध्ये 93 वर्षे गेली. आता मराठीत आपण '1998 पासून' म्हणतो आणि 'दहा वर्षांपासून' असेही म्हणतो. उर्दूतही दोन्हीकडे 'से'च लागतो. म्हणून आपला विद्यार्थी 'सिन्स टेन इयर्स' लिहितो आणि गुण गमावतो. इंग्रजीत हे दोन वेगळे प्रश्न आहेत. केव्हा सुरुवात झाली हे सांगायचे तर 'सिन्स 1998'. किती काळ चालले हे सांगायचे तर 'फॉर नाइन्टी-थ्री इयर्स'. आकडा ठाऊक नसेल तर 'फॉर अ लाँग टाइम' म्हणावे. 'फॉर एजेस' असेही म्हणतात. आपण 'जमाना हो गया' किंवा 'युगे लोटली' म्हणतो, तसेच ते आहे. मात्र ते मित्राच्या पत्रात शोभते, साहेबांना दिलेल्या अर्जात शोभत नाही.

दुसरे उदाहरण अंतराचे. वाशीमहून मंगरूळपीरला हजरत हयात कलंदर यांच्या दर्ग्यावर जायचे आहे. प्रश्न विचारताना 'हाऊ फार इज इट?' म्हणावे. नकार देताना 'इट इज नॉट फार' म्हणावे. पण होकारार्थी 'दूर आहे' म्हणायचे असेल, तर नुसते 'इट इज फार' कानाला अपुरे वाटते. तेथे 'इट इज अ लाँग वे' म्हणतात. वेळेचेही तसेच आहे. प्रश्नात 'हाऊ लाँग' येते आणि उत्तरात 'अ लाँग टाइम' येते. 'मच'चीही हीच रीत आहे. 'हाऊ मच?' आणि 'नॉट मच' बरोबर. पण होकार देताना बोलण्यात 'अ लॉट' किंवा 'अ गुड डील' येते. एक नियम तीन ठिकाणी चालतो. तो पाठ करू नका, पाच वाक्ये करून पाहा.

तिसरे उदाहरण प्रमाणाचे, आणि येथेच खरी गंमत आहे. मराठी 'फार' आणि इंग्रजी 'फार' कानाला एकच वाटतात. पण त्यांचे नाते नाही. आपला 'फार' संस्कृत 'स्फार' शब्दातून आला. इंग्रजीचा 'फार' म्हणजे दूर. 'फार चांगला' म्हणून कोणी 'फार गुड' लिहिले तर ते चूक. तेथे 'व्हेरी गुड' हवे. इंग्रजी 'फार' तुलना असेल तेव्हा येतो, जसे 'फार बेटर'. उर्दू बोलणाऱ्या मुलाला हे समजावणे सोपे आहे. तो घरी 'कहीं बेहतर' म्हणतोच. 'कहीं' हा जागेचा शब्द प्रमाण सांगू लागला, तसाच अंतराचा 'फार' इंग्रजीत प्रमाण सांगू लागला. सर्वांहून वरचढ सांगायचे तर 'बाय फार'. कारंज्यावरून जाणारी मूर्तिजापूर-यवतमाळ ही नॅरोगेज गाडी, आपली शकुंतला, वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तिच्याविषयी 'बाय फार द स्लोएस्ट ट्रेन इन अवर पार्ट्स' असे खुशाल लिहावे!

चौथी चूक सर्वांत महाग पडते, ती म्हणजे 'टू'. 'खूप' म्हणून आपली मुले 'टू' वापरतात. मुलाखतीत एखादा उमेदवार म्हणतो, 'माय टीचर्स वेअर टू स्ट्रिक्ट'. त्याला आदर सांगायचा असतो, पण ऐकणाऱ्याला ती तक्रार वाटते. 'टू' म्हणजे हद्दीपलीकडचे. 'अति तेथे माती' या म्हणीतला 'अति' तो हाच. कौतुक करायचे असेल तेथे 'व्हेरी' म्हणावे.

शब्दाने घर बदलले की अर्थही बदलतो, हे आपल्याला नवे नाही. वऱ्हाड 1853 पर्यंत निजामाच्या कारभारात होता. त्या जुन्या दरबारी वहिवाटीतून कितीतरी शब्द मराठीत रुळले. उर्दूत 'मुद्दत' म्हणजे दीर्घ काळ. मराठीत 'मुदत' म्हणजे ठरवून दिलेला काळ. आपले मूल या दोन्ही अर्थांत रोज सहज वावरते. दोन भाषा तोलणारे हे मूल तिसरी शिकू शकत नाही, असे कोणी म्हणाले तर मी ते मानणार नाही.

पालकांना माझी दोन विनंत्या आहेत. पहिली, आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून संकोचू नका. रात्री जेवण झाल्यावर मुलाला एवढेच विचारा, "आज किती दूर गेलास, किती वेळ लागला, काम किती झाले, हे इंग्रजीत सांग." चूक शाळेत दुरुस्त होईल, पण बोलण्याची सवय घरीच लागेल. दुसरी, एका विषयाच्या निकालावर मुलाचे, आणि विशेषतः मुलीचे, शिक्षण थांबवू नका. राज्य मंडळाची दहावीची फेरपरीक्षा 2015 पासून निकालानंतर थोड्याच आठवड्यांत होते. पूर्वीसारखी ऑक्टोबरची वाट पाहावी लागत नाही, की वर्षही वाया जात नाही.

विद्यार्थी मित्रांनो, 'दिल्ली अजून दूर आहे' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. परंपरेने ती हजरत निजामुद्दीन औलिया यांच्या नावाने सांगितली जाते. इंग्रजीत त्यासाठी 'वुई हॅव अ लाँग वे टु गो' म्हणता येईल. या वाक्यात वाट लांब असल्याची कबुली आहे, पण परत फिरण्याची भाषा नाही. उद्या सकाळी वहीत पहिले वाक्य हेच लिहा, आणि त्याखाली स्वतःची चार वाक्ये लिहा.