द्राक्षांची तपासणी आणि छोटे बाष्पीभवक यंत्र

(शिक्षक, विस्तार अधिकारी व ग्रामपंचायत सदस्य यांच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



नाशिक किंवा सांगलीकडील द्राक्ष बागाईतदाराच्या वर्षभराच्या श्रमांचे मोल पुष्कळदा प्रयोगशाळेच्या अहवालातील एका आकड्यावर ठरते. २०१० साली युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अवशेष आढळले, तेव्हा त्या आकड्याचे सामर्थ्य आपण अनुभवले आहे. हा आकडा विश्वसनीय कसा होतो, याचा एक टप्पा आज समजून घेऊ.

ज्या कीडनाशकासाठी स्वतंत्र मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपीय संघ दर किलोस केवळ ०.०१ मिलिग्रॅम इतकीच सूट देतो. प्रयोगशाळेत १० ग्रॅम द्राक्षांचा लगदा १० मिलिलीटर इथिल ॲसिटेट या द्रावकात घुसळतात. कीडनाशक द्रावकात उतरते. अवशेष नेमका मर्यादेइतका असेल, तर या अर्काच्या एका मिलिलीटरमध्ये तो ०.०१ मायक्रोग्रॅम इतका अल्प असतो. असा ५ मिलिलीटर अर्क घेऊन त्यातील द्रावक काढून टाकले आणि उरलेला अंश १ मिलिलीटरमध्ये विरघळविला, तर तो पाचपट दाट होतो व मापनयंत्राला स्पष्ट दिसतो.

द्रावक उडविण्यासाठी अर्क उकळला तर काय बिघडले, असे कोणी विचारील. गुऱ्हाळातील गुळव्याला याचे उत्तर ठाऊक आहे. आच अधिक झाली की काहिलीतील रस करपतो. म्हणूनच साखर कारखान्यात रस निर्वात भांड्यांत आटवितात. हवेचा दाब कमी केला की उत्कलनबिंदू खाली येतो. इथिल ॲसिटेट एरवी ७७ अंश सेल्सियसला उकळते. दाब सुमारे एक चतुर्थांशावर आणला की तेच ४० अंशांच्या आसपास उकळू लागते. उष्णतेने विघटित होणारे कीडनाशक अशा मंद उष्णतेत टिकून राहते.

अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायमन क्रेग यांनी १९५० च्या सुमारास पुढे आणलेले फिरते बाष्पीभवक याच तत्त्वावर चालते. कोमट पाण्यात फिरणाऱ्या चंबूच्या आतील भिंतीवर अर्काचा पातळ थर पसरतो, पंप हवा खेचतो, वाफ थंड नळीत निवते आणि द्रावक दुसऱ्या भांड्यात जमते. आता टेबलाच्या कोपऱ्यात मावणारी छोटी यंत्रे आली आहेत. त्यांत लहान कुप्या निर्वातात घुसळतात किंवा त्यांवर नायट्रोजनचा हलका झोत सोडतात.

यंत्र छोटे असले, तरी जबाबदारी मोठी आहे. अर्क अगदी कोरडा होऊ दिला, तर डायक्लोरव्हॉससारखी बाष्पशील कीडनाशके द्रावकाबरोबर उडून जातात आणि दूषित माल निर्दोष ठरतो. म्हणून सहजी न उडणाऱ्या डायइथिलीन ग्लायकॉलचा अल्प अंश अर्कात आधीच घालतात. याउलट, आधीच्या नमुन्याचा लेश भांड्यात राहिला, तर निर्दोष बागाईतदार नाहक दोषी ठरतो. यासाठी स्वच्छ द्राक्षांत ज्ञात प्रमाणात कीडनाशक मिसळून ते किती परत मिळते, हे पाहतात. सामान्यतः ७० ते १२० टक्के ही ग्राह्य मर्यादा होय. द्रावक ज्वालाग्राही असल्यामुळे जवळ ज्योत नसावी आणि जमलेले द्रावक मोरीत न ओतता बंद डब्यात साठवावे.

शिक्षकबंधूंना हे तत्त्व वर्गात दाखविता येईल. सुई नसलेल्या पिचकारीत थोडे गरम पाणी, हवा न राहील असे, भरावे. तोंड बोटाने बंद करून दट्ट्या मागे ओढावा. पाणी न तापविताही उकळताना दिसेल.

पंचायत सदस्यांना एवढेच सांगावयाचे आहे की, यंत्र द्रावक काढते, फळातील विष नव्हे. फवारणीची नोंदवही ठेवणे आणि फवारणी व काढणी यांमध्ये विहित दिवसांचे अंतर पाळणे, हे काम बागेतच व्हावयास हवे. बागेत दक्षता आणि प्रयोगशाळेत सचोटी असेल, तरच अहवालातील आकडा बागाईतदाराला आणि द्राक्षे खाणाऱ्या मुलाला सारखाच न्याय देईल.