नक्षीची जुनी पुस्तके : एक दुर्लक्षित ठेवा
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



सातारा व सांगली या जिल्ह्यांत आपल्या सुतार समाजाने वाडे उभारले, देव्हारे घडविले. परंतु ही विद्या ज्या कागदांवर उतरली, ते कागद आपण जतन केले नाहीत. नक्षी रेखाटण्याचे व कोरण्याचे शिक्षण देणाऱ्या जुन्या पुस्तकांविषयी मी आज बोलणार आहे.

पूर्वी ही विद्या बापाकडून मुलाकडे जाई. खाक्याला सुईने भोके पाडून त्यावर कोळशाची पूड फिरविली, की नक्षी फळीवर उतरे. १८५७ साली मुंबईस सर ज. जी. कलाशाळा निघाली आणि या विद्येस शाळेची जोड मिळाली. ओवेन जोन्स यांचा १८५६ चा शंभर रंगीत चित्रपृष्ठांचा 'ग्रामर ऑफ ऑर्नमेंट', १८८४ पासूनचे 'जर्नल ऑफ इंडियन आर्ट' आणि स्विंटन जेकब यांचा १८९० पासूनचा 'जयपूर पोर्टफोलिओ' ही त्या काळची मोठी प्रकाशने. कारागिरास समोर ठेवता यावीत म्हणून जेकब यांनी चित्रे सुटीच छापविली. इंग्रजी न जाणणारासही रेषा वाचता येते, हेच या ग्रंथांचे सामर्थ्य होय.

असे पुस्तक हाती आल्यास प्रथम चित्रपृष्ठे मोजावीत. सुटी पाने सहज हरवतात. मळके पान पाहून नाक मुरडू नये. ज्यावर मापे लिहिली आहेत, सुईची भोके पडली आहेत, ते पान कोऱ्या प्रतीहून मोलाचे. कारण कोणती नक्षी प्रत्यक्ष कामास आली, हे तेच सांगते. फाटलेले पान चिकटपट्टीने जोडू नये. सपाट ठेवावे, ओल व वाळवी यांपासून जपावे आणि त्याचे छायाचित्र काढून ठेवावे.

वाडा पाडताना खांब-तुळयांना गिऱ्हाईक मिळते. माळ्यावरची पेटी मात्र रद्दीत जाते. कोणी म्हणतील, आता यंत्र कोरीवकाम करते, मग पुस्तके कशाला? यंत्र दिलेला नमुनाच कोरते. तो नमुना आपण कोठून आणणार?

औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३८ साली संग्रहालय उभारून जतनाचा मार्ग दाखविला. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांस २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले, ते परंपरा टिकविल्यामुळेच. आपणही प्रत्येक घरातील पेटी उघडून पुस्तकांची व खाक्यांची यादी संस्थेकडे द्यावी. मालकी घराचीच राहो. माहिती मात्र सर्व समाजाची व्हावी, एवढीच माझी नम्र विनंती आहे.