आजीचं गाऱ्हाणं आणि सरकारची 'सूचना'



'नागरिकांच्या हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत' हे वाक्य तुम्ही वर्तमानपत्रात कधी ना कधी पाहिलं असेल. धोरणाचा मसुदा निघाला, नियम बदलला, की सरकार ते छापतं. पण सरकारी दवाखान्याशी ज्यांचा दर महिन्याला संबंध येतो, त्या साठी-सत्तरीच्या बायांपर्यंत हे वाक्य पोचतच नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढचे सुमारे १० कोटी ४० लाख लोक होते आणि त्यांत बायांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त होती. म्हणजे म्हातारपणाच्या दुखण्याखुपण्याचा प्रश्न मोठ्या प्रमाणावर बायांचा आहे. तरी त्यावर बोलणाऱ्यांत त्या दिसत नाहीत.

आमच्या गटातल्या बायांनी वस्तीत घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना तीन साधे प्रश्न विचारले. रोजची गोळी कोणती? ती कुठून आणता? मधेच बंद केली होती का, आणि काहून?

पहिल्या दोन प्रश्नांना लगेच उत्तरं आली. तिसऱ्याला आज्या थोड्या थांबल्या. मग एक म्हणाली, "दहाच दिवसाच्या गोळ्या भेटते. न्यायले पोरगा लागते, त्याची रोजी बुडते. मंग मी एक दिवसाआड खातो." ही गोळी बीपीची होती. दुसरीला खिडकीवरची पाटी वाचता येत नव्हती, म्हणून ती चुकीच्या रांगेत उभी राहिली आणि नंबर येईपर्यंत ओपीडीची वेळ संपली. तिसरी मे महिन्यात जातच नाही. पारा ४५ अंशांच्या वर असताना बस थांब्यापासून दवाखान्यापर्यंत चालायचं कसं, हा तिचा प्रश्न.

घरात आपण याला म्हाताऱ्या माणसाची कुरकुर म्हणतो. नीट ऐकलं, तर या तीन पक्क्या सूचना आहेत. एक, बीपी-शुगरच्या गोळ्या एकदम महिन्याभराच्या द्या. दोन, पाट्या मोठ्या अक्षरात लावा आणि ज्येष्ठांची रांग वेगळी ठेवा. तीन, उन्हाळ्यात ज्येष्ठांना सकाळी लवकर तपासा, बसायला सावली आणि प्यायला पाणी ठेवा. आणि यात मोठा धोका आहे, बरं का. बीपीची गोळी एक दिवसाआड घेणारी बाई उद्या अर्धांगवायूने अंथरुणाला खिळू शकते. मग एकट्या मुलाचीच नाही, सुनेचीही रोजी बुडते.

यातलं काही मागणं म्हणजे मेहरबानी मागणं नाही. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली जो कायदा झाला, त्याच्या कलम २० मध्ये सरकारी दवाखान्यांत ज्येष्ठांसाठी वेगळ्या रांगेची तरतूद करायला सांगितलं आहे. शक्य तिथवर खाटा देण्याचं आणि जिल्हा रुग्णालयात राखीव सोय ठेवण्याचंही त्यात आहे. ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. जिल्हा रुग्णालयात त्यांची वेगळी ओपीडी आणि १० खाटांचा वॉर्ड, अशी त्याची आखणी आहे. मेडिकलला जा, मेयोला जा किंवा वस्तीजवळच्या दवाखान्यात जा, 'ज्येष्ठांची रांग कोणती?' हे विचारायला लाजू नका.

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. त्यावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात. आजीच्या बोटांचे ठसे उमटत नसतील, तर मोबाइलवरच्या ओटीपीने किंवा चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते. पण हे कार्ड मुख्यतः दवाखान्यात भरती झाल्यावर कामी येतं. रोजची गोळी, चष्मा, कानाचं यंत्र, दात, गुडघ्याचा व्यायाम, हा खर्च त्यातून सहसा भागत नाही. हेही आज्यांनीच सांगायला हवं, कारण रोजचा खर्च त्यांनाच ठाऊक आहे.

मग सांगायचं कुठे? शहरातल्या वस्त्यांसाठी महिला आरोग्य समिती असते. ५० ते १०० घरांमागे एक समिती, सोबत आशाताई, आणि वर्षाला ५ हजार रुपयांचा निधी. तुमच्या वस्तीत ती आहे का, तिची बैठक कधी होते, हे आशाताईंना विचारा आणि बैठकीला एका तरी आजीला सोबत न्या. काटोल, रामटेक, उमरेडकडून ऐकणाऱ्या मैत्रिणींनो, तुमच्याकडे ग्रामसभा आहे. तिच्याआधी बायांची वेगळी महिला सभा घ्यावी, असा कायदाच आहे. गोळ्यांचा विषय तिथे मांडा आणि ठरावात लिहून घ्या.

बोलून काय होतं, असं वाटत असेल, तर आपल्या शेजारच्या अमरावतीकडे बघा. २००७ पासून महाराष्ट्रात ज्या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवेवर लोकांची देखरेख सुरू झाली, त्यांत अमरावती होता. गावकऱ्यांनी आपल्या आरोग्य केंद्राची स्वतः पाहणी केली, प्रगतिपुस्तक भरलं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते वाचून दाखवलं. औषध बाहेरून का आणायला लावता, डॉक्टर हजर का नसतात, हे प्रश्न लोकांनी तोंडावर विचारले.

अर्ज लिहिताना चार गोष्टी सांभाळा. एका अर्जात एकच विषय. कुठे आणि कोणत्या तारखेला घडलं, ते लिहा. नुसती तक्रार करू नका, काय हवं तेही सांगा. आणि अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. तोंडी सांगितलेलं साहेब बदलला की विसरलं जातं, पण आवक क्रमांकाचा पाठपुरावा करता येतो. सही आजीची घ्या. सही येत नसेल तर अंगठा चालतो.

घरात छळ होत असेल, आधार नसेल किंवा साधी माहिती हवी असेल, तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे. हा नंबर आजीच्या डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आज संध्याकाळी घरातल्या किंवा शेजारच्या आजीला एवढंच विचारा, "आजी, गोळी रोज घेता न जी?" 'नाही' म्हणाल्या तर रागावू नका. का घेत नाहीत ते ऐका आणि त्यांच्याच शब्दांत कागदावर उतरवा. तुमच्या वस्तीची पहिली सूचना त्या कागदावर असेल.