शाळेतल्या मुलांसाठी उपचाराची साखळी

भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादसारख्या गावात एखादं मूल वर्गात गप्प बसतं, अक्षरं उलटी काढतं, हाक मारली तरी वळत नाही. अशा मुलांसोबत काम करणारे वाचा-उपचारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, समुपदेशक आणि विशेष शिक्षक यांच्यासाठी आजची माहिती.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता मान्य आहे. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता त्यातच येतात. मुलाची प्राथमिक पडताळणी करायला एनसीईआरटीचं 'प्रशस्त' हे मोबाइल अ‍ॅप २०२२ पासून उपलब्ध आहे. मात्र ही पडताळणी म्हणजे निदान नव्हे. त्यानंतर तज्ज्ञांची तपासणी हवीच.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळा-अंगणवाड्यांत जाऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. पुढच्या उपचारांची सोय जिल्हा पातळीवर असते. समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक तालुक्याच्या गटसाधन केंद्राशी जोडलेले असतात. मुलाच्या मनावर ताण दिसला, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक दिवसरात्र चालू असतो. संकटातल्या मुलासाठी १०९८.

उपचारतज्ज्ञांनो, तासाभराच्या सत्रानंतर उरलेला दिवस मूल शिक्षक आणि आईवडिलांजवळच असतं. म्हणून घरी करायचा सराव सोप्या मराठीत लिहून द्या आणि पालकांकडून एकदा करवून घ्या. आणि पालकहो, "मोठं झालं की येईल बोलायला" म्हणून थांबू नका. आजच शाळेत शिक्षकांशी बोला.