गर्भाशयमुखाचा कर्करोग : प्रयोगशाळेपासून बार्शीपर्यंत

(रेल्वे व टपाल कामगारांच्या संयुक्त अभ्यासवर्गात एका निवृत्त जीवशास्त्र शिक्षिकेने केलेले भाषण)



आजच्या अभ्यासवर्गाचे पत्रक मी पाहिले. सकाळी रिक्त पदे, दुपारी पेन्शन आणि शेवटी कर्करोग. पहिले दोन विषय संघटनेचे आहेत यात शंका नाही. तिसरा संघटनेचा कसा, असे काहींना वाटले असेल. तो आपलाच आहे, एवढे तासाभरात पटवता आले तरी माझे येणे सार्थकी लागले असे मी समजेन.

मी कीमनची मुलगी. आमचे आबा बार्शी लाइटवर, म्हणजे मिरज-कुर्डुवाडी-बार्शी-लातूर या नॅरोगेजवर कामाला होते. ती लाइन आता राहिली नाही. २००८ पर्यंत कुर्डुवाडी ते लातूर सगळे ब्रॉडगेज झाले. पण खांद्यावर पाना-हातोडा टाकून पहाटे निघणारे आबा मला अजून दिसतात. सैल झालेली चावी ठोकायची, फिशप्लेट पाहायची, रुळाला कुठे बारीक तडा दिसला तर लाल झेंडी दाखवून गाडी थांबवायची. ते म्हणत, "गाडी पडल्यावर सगळेच धावत येतात. माझं काम त्याच्या आधीचं."

१९८१ साली माझी थोरली आत्या गेली. पाळी बंद होऊन सात वर्षे झाल्यावर तिला पुन्हा रक्त जाऊ लागले होते. दीड वर्ष तिने कोणाला सांगितले नाही. सांगायचे कोणाला? घरात पुरुष, दवाखान्यातही पुरुष. शेवटी अंगाला वास येऊ लागला तेव्हा तिला डॉक्टरकडे नेले. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, फार पुढे गेलेला. रोज दोनदा रूळ तपासणाऱ्या माणसाची सख्खी बहीण, पण तिला कधी कोणी तपासले नाही. आबांच्या मनाला हे शेवटपर्यंत लागून राहिले होते.

आता हा आजार होतो कसा ते पाहू. आपले शरीर कोट्यवधी पेशींचे बनलेले असते. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात, आणि एका पेशीच्या दोन होतात त्या नियमाने होतात. या कामावर देखरेख करणारी प्रथिने पेशीतच असतात. तुम्हा मंडळींना टीएक्सआरचे काम माहीत आहे. वॅगनमध्ये दोष दिसला की तो तिला सिक मार्क करतो आणि सिक लाइनला पाठवतो. दुरुस्त झाली तर ठीक, नाही तर ती कंडम होते. पेशीत हे काम पी-५३ नावाचे प्रथिन करते. बिघडलेली पेशी ते थांबवते, आणि दुरुस्ती होत नसेल तर मरायला लावते. आरबी नावाचे दुसरे प्रथिन ब्रेकसारखे आहे. वेळ नसताना पेशीला दुणावू देत नाही.

गर्भाशयाच्या तोंडाशी एक विषाणू शिरतो. त्याचे नाव ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, थोडक्यात एचपीव्ही. तो शरीरसंबंधातून पसरतो आणि इतका सर्रास आढळतो की त्यात कोणाच्या चारित्र्याचा प्रश्नच येत नाही. ही गोष्ट घरी जाऊन नीट सांगा, कारण पुष्कळ बायका याच भीतीने तपासणीला येत नाहीत. बहुतेक जणींच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या जणींच्या शरीरात मात्र मुक्काम करतो. या विषाणूचे बरेच प्रकार आहेत. त्यांतले १६ आणि १८ क्रमांकाचे सर्वांत वाईट. त्यांचे एक प्रथिन पी-५३ ला नष्ट करते आणि दुसरे आरबीला निकामी करते. टीएक्सआर गेला, ब्रेकही गेला. दोष असलेली पेशी वाढत राहते. तरीही तिचा कर्करोग व्हायला साधारण दहा ते वीस वर्षे लागतात. ही दहा-वीस वर्षे लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे बोलणे त्यांच्याविषयी आहे. रुळाला तडा गेला आहे, पण गाडी अजून पडलेली नाही, असा हा काळ.

हे ज्ञान आले कोठून? १९५१ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात हेन्रिएटा लॅक्स नावाची ३१ वर्षांची कृष्णवर्णीय स्त्री याच आजाराने वारली. व्हर्जिनियात तंबाखूच्या शेतात राबून ती लहानाची मोठी झाली होती. उपचाराच्या वेळी तिच्या गाठीचा तुकडा काढून प्रयोगशाळेत दिला गेला. तिला कोणी विचारले नाही. त्या पेशी बाटलीत वाढू लागल्या आणि आजही वाढत आहेत. 'हेला' पेशी म्हणून त्या जगभर गेल्या. पोलिओच्या लशीच्या चाचणीपासून असंख्य कामे त्यांच्यावर झाली, कंपन्यांनी त्या विकल्या. कुटुंबाला मात्र वीस वर्षांहून अधिक काळ पत्ता नव्हता. तिच्या वारसांनी एका मोठ्या कंपनीवर खटला भरला आणि २०२३ साली तडजोड झाली.

१९८३-८४ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे हाराल्ड त्सुर हाउझेन या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेने गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एचपीव्ही १६ आणि १८ हे विषाणू शोधून काढले. १८ क्रमांकाचा विषाणू 'हेला' पेशींतही सापडला. तंबाखूच्या मळ्यातली ती कष्टकरी बाई कशाने मेली, हे तेहतीस वर्षांनी कळले. त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आपल्या मुलखात येऊ. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावांत कर्करुग्णांची नोंदणी सुरू केली. ग्रामीण भागातील देशातली ही पहिली नोंदणी. शहरात रुग्णालयांची कागदपत्रे चाळून रुग्ण मोजता येतात. खेड्यात कागदच नसतात. म्हणून डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्यकर्ते गावोगाव पाठवले. ते लोकांशी बोलत, लक्षणे समजावून सांगत, संशय आला तर बाईला रुग्णालयात आणत. मोजायला गेलेल्या या माणसांच्या बोलण्याने एक फरक पडला. पुढील काही वर्षांत लवकरच्या अवस्थेत येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले. टपालातील बंधूंना याचे नवल वाटणार नाही. दारापर्यंत माणूस गेला की काय होते, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक?

यानंतरचे मोठे काम १९९९ च्या ऑक्टोबरात सुरू झाले. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी स्त्रियांची पाहणी करायचे ठरले. बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून हे काम केले. गावांचे ५२ गट पाडून त्यांची चार भागांत वाटणी केली. एका भागात एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्यात पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची चाचणी, तिसऱ्यात गर्भाशयमुखाला सौम्य आम्ल लावून पांढरा डाग दिसतो का ते डोळ्यांनी पाहण्याची चाचणी. चौथ्या भागात माहिती दिली, पण तपासणी केली नाही. तो तुलनेचा गट.

आठ वर्षांनी हिशेब मांडला तो असा. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४ हजार १२६ स्त्रिया होत्या, त्यांपैकी या कर्करोगाने ३४ मेल्या. तुलनेच्या गटात ३१ हजार ४८८ स्त्रिया होत्या, त्यांपैकी ६४ मेल्या. आयुष्यात फक्त एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. बाकीच्या दोन चाचण्या एकदाच केल्याने मृत्यूंत असा ठळक फरक दिसला नाही. हा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला आणि साऱ्या जगाने तो उचलून धरला. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील दुसऱ्या पाहणीत आम्ल लावून पाहण्याची साधी चाचणी दर दोन वर्षांनी केली. ती करणाऱ्या बाया दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. तेथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

येथे मला थोडे थांबायचे आहे. त्या ६४ बायकांचे काय? तपासणी न करता मृत्यू मोजणे योग्य होते का, असा प्रश्न नंतर डॉक्टरांनीच विचारला. संशोधकांचे म्हणणे असे की, त्या काळी खेड्यात अशी तपासणी कोठेच नव्हती. संशोधन झाले नसते तरी त्या बायकांना ती मिळाली नसती. दोन्ही बाजू मी वाचल्या आहेत. संशोधनाने जीव वाचतात यावर माझा विश्वास आहे. पण हेन्रिएटा असो की भूम-परांड्याची शेतमजूर बाई, जिच्या शरीरावरून ज्ञान मिळाले तिला ते परत मिळाले का, हा हिशेब कामगार संघटनेने विचारायला हवा.

तो हिशेब ऐका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांना विचारले, या कर्करोगाची तपासणी कधी झाली आहे का? होय म्हणणाऱ्या १.९ टक्के. शंभरात दोनसुद्धा नाहीत. आणि २०२२ च्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्ण आणि सुमारे ८० हजार मृत्यू. ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी करावी, असे केंद्र सरकारचे मार्गदर्शन २०१६ पासून आहे. मार्गदर्शन कागदावर आहे, पण बीटवर जायला कीमन नाही.

लशीचीही गोष्ट अशीच आहे. २००९ साली भारतात नऊ ठिकाणी, बार्शी आणि पुणेही त्यांत होते, मुलींना एचपीव्हीची लस देऊन दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे पाहायचे होते. त्याच सुमारास आंध्रातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा येथे चाललेल्या वेगळ्या लसप्रकल्पावरून गदारोळ झाला. काही मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही. पण पालकांच्या संमतीऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या घेतल्याचे उघड झाले, आणि २०१० च्या एप्रिलमध्ये सरकारने असे सारे लसीकरण थांबवले. त्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही. दहा वर्षे पाहिल्यावर एका डोसचेही संरक्षण उत्तम टिकल्याचे दिसले. २०२२ च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असे म्हटले, त्यामागे या भारतीय मुलींचा पुरावाही आहे. त्याच वर्षी पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीला आपल्याकडे परवानगी मिळाली. संमती नीट घेतली नाही तर चांगले कामही कसे बंद पडते, हेही यातून शिकावे.

आता आपण काय करायचे?

घरापासून सुरुवात करा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईने निदान एकदा तपासणी करून घ्यावी. पाळी नसताना रक्त जाणे, संबंधानंतर रक्त जाणे, पाळी गेल्यावर रक्त जाणे, वास येणारे पांढरे जाणे, यांपैकी काही असेल तर तपासणीच्या दिवसाची वाट पाहू नका. आणि चाचणी सदोष आली म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे. उस्मानाबादेत दहांत एकीची एचपीव्ही चाचणी सदोष आली होती. त्यांतल्या बहुतेकींना कर्करोग नव्हता. खराब झालेला भाग थंडीने गोठवून किंवा विजेच्या तारेने काढून टाकता येतो. "कॅन्सर होईल, पिशवीच काढू" असे कोणी घाईने म्हणाले तर दुसऱ्या डॉक्टरला विचारा. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि चौकशी समिती नेमावी लागली, ते विसरू नका. अज्ञानाचा असाही धंदा होतो. पुरुष मंडळींनीही नुसते ऐकून घेऊ नये. खिशातली तंबाखूची पुडी आजच बाहेर काढा; तोंडाचा कर्करोग तिथूनच येतो.

मग आपले काम. बुकिंग क्लार्क बंधूंनो, कर्करुग्णाला उपचारासाठी आणि फेरतपासणीसाठी स्लीपर आणि थ्री टायर एसीत भाडे लागत नाही, सोबत्यालाही ७५ टक्के सवलत आहे. खेड्यातून आलेल्या माणसाला हे ठाऊक नसते. खिडकीवर त्याचा फॉर्म हाती घ्या, रांगेतून हाकलू नका. पोस्टमन बंधूंनो, गावात तपासणीचे शिबिर असेल तर दारोदार तेवढा निरोप द्या.

शेवटी संघटनेचे काम. कॉलनीतील प्रत्येक तीस वर्षांवरील स्त्रीची तपासणी, आणि तीही एचपीव्ही चाचणीने, ही मागणी आपल्या मागणीपत्रात यावी. ग्रामीण डाक सेवकाला सीजीएचएसचे कार्ड मिळत नाही. फलाट झाडणाऱ्या कंत्राटी बाईला रेल्वे हॉस्पिटलचा दरवाजा उघडत नाही. आपली तपासणी झाली आणि तिची राहिली, तर संघटनेचे काम अर्धेच झाले.

आत्या गेली तेव्हा ही चाचणी जगात कोठेच नव्हती. आज आहे. पुढच्या अभ्यासवर्गाला मी आले तर एकच प्रश्न विचारणार आहे : तुमच्या शाखेत किती जणींची तपासणी झाली? आकडा तयार ठेवा.