कागदांना घर हवे

(कसाल येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणची वाट जेथे फुटते, त्या कसाल गावी आपण आज जमलो आहोत. या वाटेने जाणारा प्रवासी सिंधुदुर्ग किल्ला पाहण्यासाठी जातो. १६६४ साली ज्याच्या बांधकामास आरंभ झाला, तो किल्ला लाटांचा मारा सोशीत अद्याप उभा आहे. इतिहासाचे दुसरे साधन, म्हणजे कागद, इतके चिवट नाही. त्याला घर लागते, यादी लागते आणि सांभाळणारा माणूस लागतो. हीच गोष्ट मी आज सांगणार आहे.

महाराष्ट्रात कागद जमविण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांपैकी दोघे एकाच वर्षी, १९२६ साली, निवर्तले. एक दत्तात्रय बळवंत पारसनीस आणि दुसरे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे.

पारसनिसांना वाईजवळच्या मेणवली येथे नाना फडणविसांचे दप्तर मिळाले. त्यांनी 'इतिहाससंग्रह' हे मासिक चालविले आणि पत्रे, चित्रे, दुर्मिळ ग्रंथ जमवून साताऱ्यास ऐतिहासिक संग्रहालय उभे केले. त्यांच्या मृत्यूनंतर हा संग्रह विखुरला असता, तर मराठ्यांच्या राजकारणाचा केवढा तरी भाग अंधारात राहिला असता. परंतु १९३९ साली तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणण्यात आला आणि संशोधकांना खुला झाला.

राजवाडे गावोगाव हिंडले. ज्या घरी जुनी पेटी असल्याचे कळे, त्या घराची पायरी ते चढत. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे ही माला बावीस खंडांपर्यंत गेली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास त्यांचा अंत झाला. पुढच्याच महिन्यात धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले. त्या कामी भास्कर वामन भट यांनी पुढाकार घेतला. संग्रहालय, ग्रंथालय आणि हस्तलिखिते एकाच छपराखाली आली व 'संशोधक' हे नियतकालिकही निघाले. एक संग्रह मोठ्या संस्थेच्या आश्रयाने वाचला, दुसरा गावकऱ्यांच्या निर्धाराने. दोन्ही वाटा आपल्यासाठी खुल्या आहेत.

आपला प्रदेश या बाबतीत मागासलेला नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, तर सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ सालचे. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये निर्माण झाला, पण त्यातील इनामांच्या सनदा, देवस्थानांचे हिशेब, गावच्या हक्कांचे निवाडे त्याहून कितीतरी जुने आहेत. ते मोडीत आहेत आणि मोडी वाचणारे आता थोडे उरले आहेत. त्यात आपली दमट हवा, वाळवी आणि कसर!

एक पाहिलेली गोष्ट सांगतो. कोकणातील एका गावी जुने घर उतरवीत असताना माळ्यावर पेटारा निघाला. आतील अक्षर कोणालाच लागेना. चार दिवस न्हाणीची चूल त्या कागदांवर पेटली. शेवटचा रुमाल शाळेच्या गुरुजींनी मागून घेतला. त्यात गावच्या पाणवठ्याविषयीचा निवाडा निघाला. त्या पाण्यावरून गाव अजून भांडत होते!

म्हणून माझी विनंती साधी आहे. शिक्षकांनी मुलांकरवी घरोघर विचारणा करावी आणि कोणाकडे कोणती पोथी, कोणते बाड आहे, याची वही करावी. ग्रामपंचायतीने ती वही दप्तरी ठेवावी. मालकी मालकाचीच राहू द्यावी. विश्वास बसल्यावाचून कोणी पेटी उघडीत नाही. बाडातील कागदांचा मूळ क्रम मोडू नये. शाईने खुणा करू नयेत, फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नये, भिजलेला कागद कडक उन्हात टाकू नये. स्वच्छ सुती कापडात बांधून, भिंतीपासून व जमिनीपासून दूर, कोरड्या जागी ठेवावे. छायाचित्रे अवश्य घ्यावीत. परंतु नक्कल झाली म्हणून मूळ कागद निरुपयोगी होत नाही.

मुंबईचे अभिलेखागार १८२१ पासूनचे आहे. पुणे व कोल्हापूर येथेही शासनाची पुराभिलेख कार्यालये आहेत. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग भरविते. पंचायतीने एखाद्या होतकरू तरुणास त्या वर्गास धाडले, तर गावाला आपला वाचक मिळेल. पुढेमागे तालुक्याच्या वाचनालयात एक कपाट आणि एक खोली मिळाली, तरी लहानशा संग्रहालयाचा पाया घातला जाईल. धुळ्याचा आरंभ याहून फार मोठा नव्हता.

किल्ल्याची डागडुजी शासन करील. माळ्यावरचा पेटारा मात्र आपल्यालाच उघडावा लागेल, आणि तोही पुढच्या पावसाळ्याच्या आधी.