शेजार शके ९८२ चा

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमांत, महाशिवरात्रीच्या आदल्या रविवारी गच्चीवर झालेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



आपल्या संस्थेला पंचवीस वर्षं झाली. पंचवीस वर्षांत एकदा वॉटरप्रूफिंग, दोनदा रंगकाम आणि टाकीची दुरुस्ती असंख्य वेळा झाली. आपल्या शेजारी मात्र एक इमारत अशी आहे की जिला साडेनऊशेहून जास्त वर्षं झाली आणि अजून ती वापरात आहे. तिचं नाव अंबरनाथचं शिवमंदिर. आपण अंबरनाथकर दर सोमवारी तिथे जातो, महाशिवरात्रीला रांगेत उभे राहतो, पाहुणे आले की त्यांना दाखवायला नेतो. पण पाहुण्यांनी विचारलं, ‘हे बांधलं कोणी?’ की आपण दोन उत्तरं देतो. एक, पांडवांनी एका रात्रीत बांधलं. दोन, हेमाडपंती आहे. आज मी या दोन उत्तरांपासूनच सुरुवात करणार आहे.

पांडवांची गोष्ट आपल्या सगळ्यांच्या घरात सांगितली जाते. एका रात्रीत काम करायचं होतं, पहाट झाली, कळसाचं काम राहून गेलं, म्हणून गाभारा वरून उघडा. गोष्ट गोड आहे, मुलांना जरूर सांगा. पण तिच्याबरोबर हेही सांगा की या मंदिराची तारीख दगडावर लिहिलेली आहे. उत्तरेकडच्या दाराच्या तुळईवर, आतल्या बाजूने, एक संस्कृत शिलालेख कोरलेला आहे. त्यात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० दिलं आहे आणि राजाचं नाव आहे मुम्मुणी, लेखातलं रूप माम्वाणी. त्यात छित्तराजाचंही नाव येतं. छित्तराज आणि मुम्मुणी हे भाऊ. थोरल्याच्या काळात काम सुरू झालं आणि धाकट्याच्या काळात पूर्णत्वाला गेलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे पझेशन मिळायला उशीर होणं ही काही आजची गोष्ट नाही!

हा लेख वाचला कसा गेला, तेही ऐकण्यासारखं आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला आणि साल लावलं शके ७८२. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा तपासला आणि पहिला आकडा सात नसून नऊ आहे हे दाखवलं. एका आकड्याने मंदिर दोनशे वर्षांनी अलीकडे आलं. भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच हाताखाली तयार झालेले. गुरूंच्या वाचनात दुरुस्ती करताना त्यांनी दगडाला प्रमाण मानलं.

आता हेमाडपंती. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. आपलं मंदिर त्याच्या आधी दोनशे वर्षं उभं होतं. चुना न वापरता घडीव दगड एकमेकांत बसवून केलेलं बांधकाम दिसलं की आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो, एवढाच त्याचा अर्थ. यात एक गंमत आहे. मंदिर बांधणाऱ्या घराण्याचा शेवटचा राजा सोमेश्वर याला यादव महादेवाने इसवी सन १२६५ च्या सुमारास हरवलं. सोमेश्वर समुद्रात बुडाला, हे आपल्याला कळतं ते हेमाद्रीच्याच लिखाणातून. ज्याने त्या घराण्याचा शेवट लिहून ठेवला, त्याचंच नाव आपण त्यांच्या मंदिराला चिकटवलं!

ते घराणं म्हणजे उत्तर कोकणचे शिलाहार. श्रीस्थानक, म्हणजे आपलं ठाणं, हे त्यांचं मोठं नगर. स्वतःला ते ‘तगरपुरपरमेश्वर’ म्हणवून घेत. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. शेकडो वर्षं कोकणात राज्य केलं, तरी मूळ गावचं नाव बिरुदात जपलं. आपल्या सोसायटीतही नावाच्या पाट्या पाहा, कोणी सातारचे, कोणी जळगावचे, कोणी सिंधुदुर्गातले, कोणी कर्नाटकातून, केरळातून आलेले. बाहेरून येऊन इथलं होणं ही या गावाची जुनीच रीत दिसते.

मंदिराची बांधणी ‘भूमिज’ शैलीची आहे. शब्द जड वाटेल, पण पुढच्या वेळी गेलात की मागच्या बाजूला उभे राहून गाभाऱ्याच्या वर बघा. शिखराच्या मधोमध खालून वर जाणारा एक रुंद, जाळीदार नक्षीचा पट्टा आहे. त्याला लता म्हणतात. दोन लतांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी, माळेत मणी ओवावेत तशा, एकावर एक रचलेल्या आहेत. हीच भूमिजची खूण. ही शैली माळव्यात बहरली. माळव्याचा राजा भोज परमार याच्या नावावरच्या ‘समरांगणसूत्रधार’ ग्रंथात भूमिज मंदिरांचं वर्णन आहे, आणि त्याच भोजाने कोकणावर स्वारी केली होती. त्याच्या १०२० सालच्या ताम्रपटात कोकणविजयाचा उल्लेख आहे. मध्य प्रदेशातलं उदयपूरचं उदयेश्वर मंदिर आणि आपल्या सिन्नरचं गोंदेश्वर ही याच शैलीतली, पण दोन्ही आपल्यानंतरची. ज्यांची तारीख पक्की ठाऊक आहे अशा अगदी सुरुवातीच्या भूमिज मंदिरांत अंबरनाथ येतं. सिन्नरला सहलीला जाताना हे लक्षात ठेवा, आपण मोठ्या भावाच्या गावाहून आलोय!

आता आत जाऊ. मंदिर पश्चिमाभिमुख आहे. मंडपाला पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशा तिन्ही बाजूंनी दारं आहेत. मंडपात चार कोरीव खांब आहेत आणि त्यांच्यावर ते छत. दर्शनाच्या घाईत आपण छताकडे बघतच नाही. एकात एक लहान होत जाणारी वर्तुळं, वर वर आत आत जाणारी, दगडाची आहेत हे विसरायला लावणारी. मान दुखली तरी चालेल, एकदा बघाच. मंडपातून गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात. बहुतेक देवळांत देव उंचावर असतो, इथे आपण खाली उतरून देवाकडे जातो. खाली जमिनीच्या पोटात पिंडी आणि डोक्यावर उघडं आकाश. उन्हातून आलेल्या माणसाला त्या पायऱ्या उतरताना जो गारवा लागतो, तो सगळ्यांनी अनुभवलाय. अंबर म्हणजे आकाश, म्हणून अंबरनाथ, असं आपण म्हणतो. शिलालेखात देवाचं नाव मात्र आम्रनाथ असं आहे. नाव बदलत गेलं, अर्थ आपण आपला लावला, आणि तो त्या उघड्या गाभाऱ्याला शोभूनही दिसतो.

बाहेरच्या भिंती म्हणजे एक ग्रंथच. शिवपार्वतीचं लग्न आहे, नृत्य करणारा शिव आहे, गजासुराचा संहार आहे, हाडांचा सापळा झालेली चामुंडा आहे, ब्रह्मदेव आहे. खाली हत्तींची ओळ, मधेमधे नर्तकी, वादक. भिंत सरळ नाही, सतत आत-बाहेर कोन काढत गेलेली आहे. त्यामुळे सकाळी एक मूर्ती उजेडात असते, तर संध्याकाळी दुसरी. प्रदक्षिणा घालताना मोबाइल खिशात ठेवून सावकाश चाललात, तर दर वेळी नवीन काहीतरी सापडेल.

पण हा ग्रंथ झिजतो आहे. कितीतरी मूर्तींचे चेहरे आता ओळखू येत नाहीत. पाऊस, शेवाळ, फटीत रुजलेली पिंपळाची रोपटी, हवेतला धूर आणि आपले हात. १८६८ साली मुंबई सरकारने मुद्दाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टची मंडळी इथे पाठवून मंदिराची मोजमापं, चित्रं आणि प्लास्टरचे साचे करून घेतले होते. पुढे हेन्री कझिन्स यांनीही १९३१ साली निघालेल्या आपल्या दख्खनच्या मंदिरांवरील ग्रंथात याचा समावेश केला. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच लोकांना कळत होतं की हे लिहून, काढून ठेवायला हवं. आज मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे.

आणि इथे मी त्या विषयावर येतो, जो आपल्या प्रत्येक सर्वसाधारण सभेत निघतो. बिल्डिंगला पंचवीस वर्षं झाली, पुनर्विकासाचं बोलणं सुरू झालंय, आणि कोणीतरी म्हणतंच, ‘ते देऊळ आहे ना शेजारी, त्याच्यामुळे आपलं अडतं.’ हे वाक्य म्हणणाऱ्यांत भाविकही आहेत, म्हणून मुद्दाम बोलतो.

कायदा काय आहे ते आधी नीट समजून घेऊ. प्राचीन स्मारकांचा कायदा १९५८ चा, त्यात २०१० साली सुधारणा झाली. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र, तिथे नवं बांधकाम नाही, दुरुस्तीलाही परवानगी लागते. त्याच्या पुढचे २०० मीटर हे विनियमित क्षेत्र. तिथे बांधकाम करता येतं, पण राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी घेऊन. आपण या दुसऱ्या पट्ट्यात आहोत. म्हणजे आपल्याला ‘नाही’ म्हटलेलं नाही, ‘विचारून करा’ म्हटलंय. उंचीवर मर्यादा येईल, वेळ लागेल, एखाद्या बिल्डरला परवडणार नाही. हे खरं आहे, आणि ज्यांच्या घरात तीन पिढ्या वन बीएचकेत राहतात त्यांची अडचणही खरी आहे. मी तिला हलकं लेखत नाही.

पण दुसरी बाजू बघा. बिनचुन्याचं बांधकाम म्हणजे दगडावर दगड, स्वतःच्या वजनावर तोललेले. शेजारी खोल पाया खणला, मशीनने जमीन हादरवली, पाण्याचा उतार बदलला, तर त्रास त्या सांध्यांना होतो. आपल्या स्लॅबला तडा गेला तर आपण स्ट्रक्चरल ऑडिट करून जॅकेटिंग करतो. चामुंडेचा हात तुटला तर तो परत कोण आणणार? आपली इमारत पाडून नवी बांधता येते. ती इमारत एकदाच बांधली गेली आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: परवानगीचा अर्ज रीतसर करू, नकाशे चोख देऊ, चांगला वास्तुविशारद गाठू, पण ‘देवळामुळे अडलं’ ही भाषा सोडू. छित्तराजाने सुरू केलं, मुम्मुणीने पुरं केलं. ते घराणं गेलं, यादव गेले, त्यानंतर किती राजवटी आल्या-गेल्या. तरी आजूबाजूच्या गावांतल्या साध्या माणसांनी बेल वाहणं थांबवलं नाही. त्या रांगेत आता आपला नंबर लागलाय. आपल्या वाट्याला आलेली सेवा म्हणजे थोडा धीर आणि दोन मजले कमी.

आणखी काही सोप्या गोष्टी. दगडाला हळद-कुंकू, तेल, शेंदूर फासू नका. ते छिद्रांत शिरतं आणि दगड खराब करतं. मूर्तींना टेकून फोटो काढू नका. निर्माल्य शेजारच्या वालधुनीत टाकू नका. जिच्या काठावर हे मंदिर उभं राहिलं, त्या नदीची आज काय दशा झालीय ती पुलावरून जाताना आपण रोज नाक दाबून बघतो. निदान आपल्या सोसायटीतून तिच्यात काही जाणार नाही, एवढं आपल्या हातात आहे. ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यात निर्माल्याला वेगळी जागा करावी, असा प्रस्ताव मी कार्यकारिणीपुढे ठेवतो. आणि महिन्यातून एका रविवारी सोसायटीतल्या मुलांना घेऊन मंदिर बघायला जाऊ या, दर्शनाला नव्हे, बघायला. पहिल्या खेपेला मी येतो.

रौप्यमहोत्सवाच्या आपल्या सर्वांना मनापासून शुभेच्छा. 

हर हर महादेव!